वैजयंतीचे वर्ष

माझे आजोबा माधवराव वैरागडे यांनी ब्रह्मपुरीकडच्या आमच्या शाळेत इंग्रजी आणले. त्यांची कन्या द्वारका, म्हणजे माझी आई, हिने ते मुलींच्या बाकांपर्यंत नेले. द्वारकेची मुलगी मी, यमुना. मी त्याला शिस्त लावली. माझी मुलगी वैजयंती हिच्या हाती ते आले तेव्हा त्याच्या पाठीशी तीन पिढ्या उभ्या होत्या. ही गोष्ट तिची आहे. पण पाठीमागे कोण उभे होते हे कळल्यावाचून ती कळायची नाही.

आमच्या घराण्यात वर्ष जूनमध्ये सुरू होत नसे. ते एप्रिलमध्ये, शाळा सुटली की, जेवणाच्या पाटावर सुरू होई. आजोबा धानाच्या हिशेबाने वर्षाचे नियोजन करीत. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग चिखलात असे, म्हणून त्या दिवसांत ते क्रियापदाचे काळ शिकवीत नसत, केवळ कविता पाठ करून घेत. आईने पत्रलेखन नेहमी माघाआधी संपवले. उन्हाळ्यात लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला निदान माहेरचा पत्ता इंग्रजीत लिहिता यावा, एवढाच तिचा हेतू. मी सहामाहीपर्यंत व्याकरण आणि नंतर निबंध, हा क्रम कोणासाठीही बदलला नाही. कलेक्टरच्या मुलासाठीसुद्धा नाही.

वैजयंतीचे नियोजन यंत्राने केले.

ते यंत्र जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेने शाळेला दिले होते. त्याला वर्षयोजक म्हणत. जूनमधल्या एका दुपारी वैजयंती तिची टॅब्लेट घेऊन माझ्यासमोर बसली. पडद्यावर एक निबंध होता. सातवीतल्या मुलाने लिहिलेला, आजोबांच्या बैलाविषयीचा. चुका ओळखीच्या होत्या. ‘द’ हवा तिथे नाही, नको तिथे दोनदा.

“बरा आहे,” मी म्हटले. “कोणाचा?”

“प्रणय ठाकरेचा. फेब्रुवारीतला.”

“गेल्या फेब्रुवारीतला?”

“येत्या, आई.”

मी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या. “मग लिहिला कोणी?”

“अजून कोणीच नाही,” ती म्हणाली.

तिने मला समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. परकी भाषा शिकताना मूल वाटेल तशा चुका करीत नाही. चुकांना क्रम असतो, जसा दात येण्याला असतो. आणि प्रत्येक मुलाच्या बोलण्याची चाल, थांबण्याच्या जागा, आवडते शब्द ही त्याची स्वतःची असतात. वर्गात बसवलेले यंत्र आठवडाभर मुलांचे बोलणे ऐकते आणि प्रत्येकाचे एक भाषाबिंब तयार करते. मग ती सगळी बिंबे एका नसलेल्या वर्गात बसवून सगळे वर्ष चालवून पाहते. एकदा नव्हे, हजारो वेळा, धडे मागेपुढे करून. ज्या क्रमाने मुले सर्वांत पुढे जातात तो क्रम शिक्षकाच्या हाती देते. मूल अर्धी भाषा पुस्तकातून आणि अर्धी शिक्षकाच्या तोंडातून घेते, म्हणून शिक्षकाचेही बिंब लागते. वैजयंतीचेही घेतलेले होते.

“म्हणजे त्या नसलेल्या वर्गात तूही बोलतेस?”

“बोलते. धडा लावला तर ऐकूही येते.”

“मला ऐकायचे नाही,” मी म्हटले. जिवंत माणसाचा आवाज त्याच्या तोंडाबाहेर कशाला हवा, असे मला वाटले.

ती माझ्याकडे कौतुकासाठी आलेली नव्हती. तिला एक काळजी होती. सातवीत निमा पेंदाम नावाची एक मुलगी होती. आई गेल्यापासून ती शाळेत कोणाशी बोलत नसे. मागच्या वर्षी वैजयंतीने तिला बोलते केले होते, आणि तेही फक्त इंग्रजीच्या तासाला. दुःख ज्या भाषेत झाले नव्हते त्या भाषेत त्या मुलीला बोलता येई. वडील म्हणाले होते, सातवीतही पोरगी गप्पच राहिली तर तिला शाळेतून काढून मावशीकडे चंद्रपूरला धाडीन, घरकाम तरी शिकेल.

वैजयंतीने निमाचे वर्ष उघडले. जुलैची उत्तरे होती. दिवाळीपर्यंतची होती, दर महिन्याला थोडी लांब होत गेलेली. डिसेंबरपासून पडदा कोरा होता. चाचणी कोरी, निबंध कोरा. वार्षिक परीक्षेच्या जागी फक्त तिचे नाव.

“बाकीची मुले?”

“बाकीची एप्रिलपर्यंत लिहितात. मी क्रम बदलून पाहिला, धडे बदलून पाहिले. काहीही केले तरी डिसेंबरपासून ही मुलगी नाही.”

त्यानंतर वैजयंतीने जे केले ते कोणत्याही चांगल्या शिक्षिकेने केले असते. निमाला डॉक्टरकडे नेले. मुलगी ठणठणीत होती. तिच्या घरी गेली. वडील राइस मिलमध्ये हमाली करीत. अंगावरचा कोंडा झटकीत ते दारात आले.

“मॅडम, पोरगी कुठी जाऊन राहिली? मी तं अजून पाठवून नाही राहिलो.”

“डिसेंबरात कुठे न्यायचे ठरवले आहे का तिला?”

“डिसेंबरात धान निघते जी. तवा मले मरायलेही सवड नसते.” मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचे वाईट वाटले असावे. “तुमच्यासंगं बोलते ना ती? तुमच्यासंगं बोलली तं राहू देतो मी शाळेत. शब्द देल्ला ना.”

वैजयंतीने संस्थेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, कोरे म्हणजे कोरेच. यंत्र उत्तर दाखवते, कारण दाखवत नाही. उताराला लागलेल्या गाडीला पुढे दरी आहे की गाव, हे माहीत नसते.”

त्या दिवसांत ती जेवताना बोलेनाशी झाली. एकदा मीठ मागायचे होते तर नुसते बोट दाखवले. काळजीने असे होते, मला वाटले.

अखेरीस मी म्हटले, “ते सगळे निबंध मला दे. कागदावर. पडद्यावर मला तपासता येत नाही.”

“तपासायचे काय त्यात? ते खरे नाहीत.”

“चुका खऱ्या आहेत ना? मग दे.”

मी दोन दुपारी तांबड्या शाईने सातवीचे न घडलेले वर्ष तपासले. हाताला सवय आहे. चूक दिसली की वर्तुळ पडते. प्रत्येक मुलाला स्वतःचे अक्षर असावे तसे त्याचे वाक्य होते, आणि ती वाक्ये पुढच्या हिवाळ्यातली आहेत हे विसरून मी मधूनमधून ‘शाब्बास’ लिहीत होते. डिसेंबरच्या गठ्ठ्यात माझा हात थांबला. वर्तुळ काढावे अशी एक चूक तिथे नव्हती, आणि ती असायलाच हवी होती.

आपल्या ‘परवा’ला दोन तोंडे आहेत. होऊन गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा. इंग्रजीत तसा एक शब्द नाही. आजोबांनी त्याला ‘द अदर डे’ म्हटले आणि दोन्हीकडे वापरले. आय वेंट द अदर डे, आय विल गो द अदर डे. तपासणीला आलेला साहेब हसला, तेव्हा आजोबा त्याला म्हणाले होते की, तुमच्या देशात परवाला एकच बाजू असेल, आमच्या गावात दोन आहेत. आईने तसेच शिकवले. ते चूक आहे हे मला कॉलेजात कळले, तरी माझ्या तोंडातून तेच गेले, वैजयंतीच्याही जाते. आमच्या शाळेचा विद्यार्थी नागपुरात कुठेही या एका वाक्यावरून ओळखू येतो.

जुलैच्या निबंधांत ते होते. ऑक्टोबरमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या होते. डिसेंबरपासून एकाही मुलाच्या निबंधात नव्हते. सगळ्यांचे ‘डे आफ्टर टुमॉरो’. निर्दोष.

मुले अशी एका आठवड्यात सुधारत नाहीत. त्यांच्यासमोरचे तोंड बदलले तरच असे होते.

वैजयंती शाळेतून आली तेव्हा मी तिला उभ्यानेच विचारले, “शिक्षक रजेवर गेला तर हे यंत्र वर्ग कोणाला देते?”

“त्याच्याच बिंबाला. मुलांना आवाज ओळखीचा असतो. संस्था बिंबातल्या चुका काढून टाकते.”

“डिसेंबरचा एखादा धडा लाव.”

“तुला ऐकायचे नव्हते ना?”

“लाव म्हणते ना मी.”

तिने आधी नोव्हेंबरअखेरचा लावला. खोलीत माझ्या मुलीचा आवाज आला आणि माझी मुलगी समोर ओठ मिटून बसली होती. आवाज कवितेविषयी बोलत होता. मध्येच तो थांबला. “द… द…” पुन्हा थांबला. मागे बाक सरकल्याचा भास झाला, वास्तविक तिथे बाक नव्हते. “द… ते… ते जे…” आणि नुसता श्वास. मग तिने डिसेंबरचा लावला. तोच आवाज, घासूनपुसून लख्ख, एकही अडखळ नाही. गुड मॉर्निंग, चिल्ड्रेन. मुलांनी एका सुरात उत्तर दिले. एकाही मुलाने विचारले नाही की, बाई, तुम्हाला काय झाले होते.

“ही मुलगी कुठेही गेलेली नाही, वैजू,” मी म्हटले. “गेलीस ती तू. नोव्हेंबरात तुझी वाचा अडते आणि वर्ग रजेवरच्या बिंबाकडे जातो. बाकीच्यांच्या ते लक्षात आले नाही. हिच्या आले.”

वैजयंतीने टॅब्लेट पालथी ठेवली. ती म्हणाली, “परवा फळ्यावर लिहिताना ‘विंडो’ आठवला नव्हता मला. खिडकीकडे बघत उभी राहिले होते.”

“आणि मीठ?”

“मीठही.”

नागपूरच्या डॉक्टर सहारे वयाने लहान आणि बोलायला सरळ होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला, भाषेच्या प्रदेशात, एक छोटी गाठ होती. बोलण्यातले थांबे इतके सूक्ष्म होते की माणसाच्या कानाला कळले नसते. यंत्राने मात्र ते मोजले आणि आपल्याला काय सापडले हे न कळता तशीच रेष पुढे ओढली. डिसेंबरपर्यंत थांबले असते तर काढण्यासारखे फारसे उरले नसते.

“शस्त्रक्रिया तुम्ही जागेपणी असताना करू,” डॉक्टर वैजयंतीला म्हणाल्या. “तुम्हाला चित्रे दाखवू, तुम्ही नावे सांगायची. जिथे स्पर्श केल्यावर शब्द अडेल ती जागा आम्ही सोडून देतो. लहानपणीची भाषा आणि नंतर शिकलेली भाषा यांच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात. तुमची गाठ इंग्रजीच्या जागांखाली आहे. त्या जागा वाचवायच्या तर गाठ थोडी मागे ठेवावी लागेल, आणि ती पुन्हा वाढेल. पूर्ण काढायची तर इंग्रजी बहुधा जाईल. ठरवायचे तुम्ही.”

परतताना गाडीने नागभीड सोडले.

“दिवाळीनंतर करू,” वैजयंती म्हणाली. “तोवर निमाची गाडी रुळावर येईल.”

“उद्या डॉक्टरांना फोन करायचा. जुलैची तारीख घ्यायची. पूर्ण काढायची.”

“तुला काय जाते सांगायला? चार पिढ्यांचे इंग्रजी माझ्या डोक्यातून कापून काढणार आहेत.”

“तेच माझ्याही डोक्यात आहे. ते कुठे पळून जात नाही.”

“वर्ग बिंबाकडे जाईल, आई. निमा त्याच्याशी बोलणार नाही. तिला काढतील शाळेतून. तू ऐकलास ना तो आवाज?”

“वर्ग बिंबाकडे जाणार नाही. मी घेईन.”

ती हसली. आजाराची बातमी ऐकल्यानंतर प्रथमच हसली, म्हणून मी राग धरला नाही. “तुझे वय काय, आई? मुले तुला बघून बाकाखाली लपत असत.”

“तू चोवीस वर्षांची होतीस,” मी म्हटले. “पुण्याच्या कॉलेजात लागली होतीस. माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली, वर्षभर आवाज गेला, आणि तू नोकरी सोडून आलीस. माझ्या नियोजनाप्रमाणे, माझा क्रम एका ओळीने न मोडता, माझे संपूर्ण वर्ष शिकवलेस. पुण्याची जागा पुन्हा मिळाली नाही. मी त्याविषयी एक शब्द बोलले नाही. बोलून फिटण्यासारखे ते नव्हते. तुझे एक वर्ष माझ्याकडे येणे आहे, वैजयंती. ते घे.”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. काचेतून बाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत राहिली. पुढच्या स्टेशनपर्यंत तिने नुसता माझा पदर बोटाला गुंडाळून धरला होता.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिला डॉक्टरांनी विचारले, कोणत्या भाषेत विचारू? ती म्हणाली, मराठीत. नंतर डॉक्टर सहारे यांनीच मला हे सांगितले. गाठ पूर्ण निघाली. इंग्रजी गेले. ती पुरती जागी झाल्यावर मी तिला ‘वॉटर’ म्हटले, तेव्हा तिने दारावरून गेलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

मी शाळेत गेले त्या दिवशी सातवीच्या वर्गातून तिचा आवाज येत होता. इस्पितळात ती ‘उशी’ हा शब्द शोधत होती, आणि इथे तिचा आवाज मुलांना विशेषणे शिकवीत होता. मुख्याध्यापक बन्सोड माझ्यामागून जवळजवळ धावत आले. ते माझे विद्यार्थी.

“मोठ्या बाई, संस्थेने सगळी व्यवस्था केली आहे. तुम्हाला या वयात त्रास…”

“बन्सोड, मी वय सांगायला आलेले नाही. तास कितवा आहे?”

“तिसरा, बाई,” ते म्हणाले, आणि सवयीने दोन्ही हात मागे घेतले.

मी वर्गात गेले. “बंद करा ते,” मी म्हटले.

आवाज थांबला. यंत्राला माझा आवाज माहीत नव्हता. तो आठवडाभर ऐकलेल्यांपैकी नव्हता. “हू इज इट?” माझ्या मुलीने विचारले. सभ्यपणे, किंचित हसून, दारावर परका आल्यासारखे.

उत्तर द्यायचे नाही असे मी ठरवले होते. “युवर मदर,” मी म्हटले, आणि भिंतीवरचे बटण स्वतः दाबले.

वर्षयोजकाचे नियोजन मी बाजूला ठेवले नाही. क्रम उत्तम होता. चांगले काम कोणी केले हे पाहून मी ते नाकारत नाही. परंतु ते वर्ष शिकवणे सोपे नव्हते. प्रणय ठाकरेने तोंड उघडण्यापूर्वी मला त्याचे वाक्य ठाऊक असे, आणि तो तेच बोले, त्याच जागी अडखळून, त्याच जागी हसून. मी जूनमध्ये ज्या चुकीभोवती वर्तुळ काढले होते ती ऑगस्टमध्ये माझ्यासमोर उभी राही. कधी कधी वाटे की मुले बोलत नाहीत, कोणीतरी आधी होऊन गेलेला तास त्यांच्याकडून म्हणवून घेत आहे. एकदा मी मुद्दाम भलताच प्रश्न विचारला. प्रणय गोंधळला आणि अगदी नवी चूक केली. मी त्याला खडूची पूर्ण कांडी बक्षीस दिली. त्याला कारण कळले नाही.

निमा बोलली नाही. गणपती झाले, दसरा झाला, ती बोलली नाही. मी तिच्याकडे पाहून विचारीत असे, जसे मी आयुष्यभर प्रत्येक मुलाकडे पाहून विचारले. माझ्या नजरेला उत्तर न देणारे मूल मला माहीत नव्हते. दिवाळीच्या सुटीत तिचे वडील घरी येऊन गेले. “मोठ्या बाई, तुमी लय केलं. पण पोरगी बोलूनच नाही राहिली. धान निघाच्या आधी चंद्रपूरले नेतो,” एवढे म्हणाले.

वैजयंती ओसरीवर बसून ऐकत होती. तेव्हा तिचे मराठी परत येत होते, एकेक शब्द, वाट चुकून परतलेल्या गुरांसारखे.

“आई,” ती म्हणाली, “तू तिच्याकडे… बघतेस.”

“मग कोणाकडे बघू?”

“बघू नको. मी प्रश्न विचारायचे आणि… वळायचे. फळ्याकडे. पुसत राहायचे.” तिने हाताने हवा पुसून दाखवली. “पाठीला बोलते ती.”

मग मला कळले की लख्ख बोलणाऱ्या त्या बिंबाला निमाने उत्तर का दिले नाही. भिंतीतल्या आवाजाला पाठ नसते.

मी वर्गाला कधी पाठ दाखवलेली नाही. लिहितानासुद्धा एक खांदा मुलांकडे ठेवून लिहीत असे. पाठ दाखवली की वर्ग जातो, हे मला आईने शिकवले होते. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी प्रश्न विचारला, निमा पेंदामचे नाव घेतले, आणि वळले. फळा कोरा होता. तरी मी तो पुसू लागले. पाठीमागे कुजबुज झाली, कोणी हसले. मी वळले नाही. मानेवर चाळीस मुलांचे डोळे जाणवत होते. मी वरचा कोपरा पुसला, खालचा पुसला, पुन्हा वरचा. हात दुखू लागला.

“माय फादर,” पाठीमागून आवाज आला, घोगरा, पुष्कळ दिवस न वापरलेला, “विल कम द अदर डे.”

आजोबांपासून आलेली ती चूक मी दुरुस्त केली नाही. “व्हाय?” मी फळ्याला विचारले.

“टू टेक मी.”

“अँड यू?”

मी पुन्हा वरचा कोपरा पुसू लागले. “आय विल नॉट गो,” ती म्हणाली.

वडील आले, तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर भिंतीला लागून उभे केले आणि आत जाऊन पुन्हा पाठ फिरवली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. आवाज कोणाचा ते मात्र त्यांना कळले. ते आत न येता परत गेले, आणि मुलगी राहिली.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी मी निकाल तयार करीत असताना वैजयंती शाळेत आली, डोक्याला रुमाल, हातात टॅब्लेट. पुढच्या वर्षी ती सातवीला मराठी शिकवणार होती; बन्सोडांशी तिने स्वतः बोलून घेतले होते. तिने निमाचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरे, नावाखाली काही नाही. मी त्यावर निमाची उत्तरपत्रिका ठेवली. वैजयंतीने ती उचलली. तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. तिने पाने मोजल्यासारखी उलटली, ओळी कुठपर्यंत गेल्या आहेत ते बोटाने पाहिले.

“शेवटपर्यंत लिहिले आहे,” ती म्हणाली.

“शेवटपर्यंत.”

“आणि क्रम?”

“तुझाच. एक ओळ मोडली नाही.”

तिने उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली, कडा जुळवल्या, आणि माझ्याकडे पाहिले. मुलीने आईकडे पाहावे तसे नव्हे, एका शिक्षिकेने दुसरीकडून वर्ग ताब्यात घेताना पाहावे तसे.

“माझे वर्ष मिळाले, आई,” ती म्हणाली. “आता तुझ्याकडे काही येणे नाही.”